बुद्रुक आणि खुर्दच्या मधले अप्पा

गाडीत चढणाऱ्या माणसाचं तोंड अप्पा कधी बघत नसत. ते पाय बघायचे. ड्रायव्हरच्या सीटवरून दाराची पायरी दिसेल असा डावीकडचा आरसा त्यांनी वाकवून ठेवलेला असायचा. माणूस चढला की मला हाक यायची, "भाऊ, ह्या मावशीचा गुडघा गेलाय, हिला पुढं बसव." नाहीतर, "हा लावून आलाय. पाय बघ कसा ठेवायलाय. खिडकीला बसव त्याला."

मी एसटीत कंडक्टर. पालमहून सुटणाऱ्या एका गाडीवर अप्पा ड्रायव्हर आणि मी कंडक्टर, अशी आमची जोडी बरीच वर्षं टिकली. तुम्ही एसटीनं फिरणारे असाल तर असे ड्रायव्हर पाहिले असतील. पन्नाशी ओलांडलेली, बोलणं बेताचं, अंगानं मात्र दगडी उंबरठ्यासारखे. अप्पांना मान अशी नव्हतीच. डोकं थेट खांद्यांवर आणून ठेवल्यासारखं. उजव्या हाताची दोन बोटं कधीतरी मोडून वाकडीच जुळली होती, त्यामुळं स्टेअरिंग धरलं की ती दोन हवेतच राहायची. नवीन माणसाला वाटायचं, ड्रायव्हर कुणाला तरी खुणावतोय.

ही बोटं कबड्डीत गेली होती. तरुणपणी अप्पा कोपऱ्यात खेळायचे. चढाई करणाऱ्याचा घोटा एकदा हातात आला की तो परत आपल्या घरी जात नाही, अशी त्यांची ख्याती सेलूपर्यंत होती म्हणतात. पाय बघायची सवय तिथली.

आमच्या वाटेवर एकाच नावाची दोन गावं लागतात. एक खुर्द, एक बुद्रुक. पुढचं नाव मी सांगत नाही, सांगितलं तर दोन्हीकडचे लोक मला जाब विचारायला येतील. आधी खुर्द लागतं, मग ओढ्यावरचा अरुंद पूल, पूल उतरला की बुद्रुक. तिथं गाडीचा रस्ता संपतो. गाडी अर्धा तास थांबते आणि आल्या वाटेनं परत फिरते. पुलाखाली, ओढ्याच्या कडेला महादेवाचं देऊळ आणि देवळासमोर मोकळं मैदान. दरवर्षी यात्रेत त्या मैदानावर कबड्डीचे सामने व्हायचे. बाकीचे संघ येऊन हरून जायचे आणि शेवटी हीच दोन गावं समोरासमोर उभी राहायची.

अप्पा खुर्दचे. खुर्दची पोरं त्यांनीच घडवलेली. सकाळची ड्युटी नसली की मैदानावर पाणी मारून, माती दाबून ते पोरांची वाट बघत उभे असायचे. नखं वाढलेली दिसली की घरी परत. हातात कडं असलं तर परत. शिवी दिली तर देवळाला फेऱ्या, आणि त्या फेऱ्या अप्पा स्वतः त्याच्या मागं पळत मोजायचे, म्हणून शिवी द्यायला पोरं घाबरायची. सराव संपताना एकच वाक्य. "धरला की सोडायचा न्हाई. शिट्टी झाली की धरायचा न्हाई. कबड्डी एवढीच हाय."

बुद्रुकचा दत्ता आमच्या गाडीनं पालमला कॉलेजला यायचा. बुद्रुकचा सगळ्यात मोठा चढाईवाला. सडपातळ, सावळा, हसरा. वडील लहानपणीच गेलेले, थोरला भाऊ किसन शेती बघायचा. दत्ता पायरीवर चढला की अप्पांचा चेहरा आरशात उजळायचा.

"भाऊ, ह्याचे पाय बघ. जमिनीवर ठेवतंय का नुसतं जमिनीला इचारतंय?"

मी म्हणालो, "अप्पा, तो समोरच्या संघाचा हाय."

"मंग? चांगला गडी समोर नसल्यावर माझ्या पोरायनं धरावं कुणाला?"

दत्ता केबिनच्या दाराशी येऊन उभा राहायचा, आणि अप्पा समोर रस्त्याकडं बघत त्याला त्याच्याच चुका सांगायचे. एक चूक तर रोजच सांगायचे. "डोकं खाली घालून घुसायलास तू. मानेवर पडशील एक दिवस."

"तुमच्या पोरायला घावलो तर पडीन न, अप्पा," दत्ता हसायचा.

अप्पा हसायचे नाहीत.

त्या वर्षी अंतिम सामना खुर्दनं जिंकला, अगदी शेवटच्या चढाईवर. जिंकलेली पोरं पुलावरून थेट बुद्रुकमध्ये घुसली. डीजे, गुलाल, नाच. दत्ताला मातीत दाबून धरलेला, तोंडात माती गेलेला फोटो कुणीतरी काढला होता. तो दुसऱ्या दिवशी खुर्दच्या सगळ्या पोरांच्या मोबाईलवर स्टेटसला लागला. अप्पांनी सगळ्यांना मैदानावर बोलावून तो काढायला लावला. काढला सगळ्यांनी. पण तोवर जिथं जायचा तिथं तो गेला होता.

तेव्हापासून गाडीत काहीतरी बदललं. कंडक्टरला हे आधी कळतं. पूर्वी दोन्ही गावांची पोरं एकमेकांच्या मांडीवर बसून यायची. आता खुर्दची डावीकडं आणि बुद्रुकची उजवीकडं बसायला लागली. मग बायाही तशाच बसायला लागल्या. मधल्या वाटेनं तिकिटं फाडत जाताना मला दोन्ही बाजूंनी शांतता लागायची. एकदा बुद्रुकच्या एका म्हातारीला जागा नव्हती, डावीकडं तीन जागा रिकाम्या होत्या, तरी ती दांडा धरून उभी राहिली. मी म्हणालो, "आजी, बसा की." ती म्हणाली, "राहू दे बाबा. उतरायचंच हाय."

पुढची यात्रा जवळ आली तशी दोन्हीकडं बोर्ड लागले. 'यंदाही हिशेब होणार' असा खुर्दच्या थांब्यासमोर एक बोर्ड होता, त्यावर संघाचा कप्तान शिवा आणि त्याच्या शेजारी अप्पांचा मुलगा मल्लू. मल्लू अप्पांच्या अंगाचाच, रुंद, ताकदवान. मधल्या फळीत खेळायचा. बुद्रुकच्या कुणीतरी त्या बोर्डावरच्या मल्लूच्या तोंडाला शेण फासलं. कुणी ते कळलं नाही. शिवा मात्र सगळीकडं सांगत सुटला की दत्तानंच.

सामन्याच्या आदल्या दिवशी गाडी बुद्रुकला लावून आम्ही चहा पीत होतो. अप्पांचा चहा तसाच निवत होता.

"मल्लूला उद्या बसवावं म्हनतो," ते म्हणाले.

"का? लागलंय का त्याला?"

"लागलं असतं तर बरं होतं. त्याच्या पायात खेळ न्हाई राहिला, भाऊ. सकाळी बघितलं मी. त्यो पकड करायला न्हाई, मारायला उभा राहायलाय."

पण खुर्दनं ऐकलं नाही. मल्लूला बसवलं तर आम्ही उतरतच नाही, असं शिवानं आणि बाकीच्यांनी सांगितलं. गावातले जाणते लोकही घरी येऊन बसले. शेवटी अप्पांनी मान हलवली. ती मान हलवणं त्यांनी पुढं स्वतःला कधी माफ केलं नाही.

सामन्याच्या दिवशी मी मैदानावर होतो. दोन्ही काठांवर माणसं, देवळाच्या ओट्यावर माणसं, पुलाच्या कठड्यावर पोरं. इतकी गर्दी असून आवाज मात्र कमी होता. नेहमीसारख्या आरोळ्या नव्हत्या, टवाळी नव्हती. धुळीचा एक पडदा मैदानावर लटकत होता आणि त्यातून दत्ता कबड्डी कबड्डी म्हणत आत जात होता, कुणाला तरी शिवून परत येत होता. बुद्रुक पुढं होतं.

उत्तरार्धात मल्लूनं त्याची कंबर धरली. दत्ताचा दम सुटला, पंचांनी शिट्टी वाजवली. पकड झाली होती, गुण खुर्दचा होता, सगळं संपलं होतं. धुळीतून मला एवढंच दिसलं की दोन अंगं एकत्र वर उठली आणि एक डोक्यावर खाली आलं. त्यानंतरचा आवाज मी लिहीत नाही.

दत्ताला उचलायला सगळ्यात आधी अप्पा धावले. "कुणी हलवू नका त्याला, हलवू नका!" एवढंच ते ओरडत होते. जवळ कुणी आलं की हाताच्या कोपरानं त्याला मागं ढकलत होते. मल्लू तिथंच उभा होता, आपल्या हातांकडं बघत.

दत्ता वाचला. पण मानेखालचं अंग गेलं.

पोलीस आले तेव्हा खुर्दचं सगळं गाव एकच बोललं. खेळ चालू होता, पकडीत पडला, शिट्टी नंतर झाली. पंच बाहेरगावचे. त्यांना विचारलं तर म्हणाले, गोंधळात आठवत नाही. त्यांना परत जायला खुर्दमधूनच वाट होती, मी त्यांना दोष देत नाही.

अप्पांकडं गावातले जाणते परत आले. त्या वेळी मी त्यांच्या ओसरीवर बसलो होतो.

"अप्पा, तुमी काई बघितलं न्हाई म्हना. धूळ लय होती."

"धूळ होती," अप्पा म्हणाले. "पर मी शिट्टी ऐकली. कानात धूळ न्हवती."

"तुमचा पोरगा हाय त्यो!"

"पोरगा माझा हाय. मान किसनच्या भावाची मोडली." आणि ते उठून अंगात सदरा घालायला लागले. ठाण्यात जायला.

आतून मल्लूची आई, आक्का, एकदा मोठ्यानं म्हणाली, "अहो!" अप्पा थांबले. तिच्याकडं बघत त्यांनी सदऱ्याचं शेवटचं बटण लावलं, आणि मग ते गेले. शिट्टी झाली होती, माझ्या पोरानं नंतर उचलून टाकलं, असा जबाब त्यांनी लिहून दिला. मल्लूला नेलं. काही दिवसांनी तो जामिनावर सुटून घरी आला. खटला अजून उभा राहायचा होता.

खुर्दनं अप्पांना मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. नुसतं सोडून दिलं. पिठाच्या गिरणीवर आक्काचा डबा सगळ्यांच्या शेवटी दळायला घेत. शेतातल्या मोटारीची वायर दोनदा कापली गेली. आमची गाडी खुर्दच्या थांब्यावर थांबायची, थांब्यावर माणसं असायची, पण अप्पा ड्रायव्हर दिसले की कुणी चढायचं नाही. पुढच्या गाडीची वाट बघत उभे राहायचे सगळे, उन्हात. मी घंटी द्यायचो. अप्पा आरशात बघून गाडी काढायचे.

एकदा पालमला चहा पिऊन आलो तर ड्रायव्हरच्या सीटवर फुटक्या बाटलीच्या काचा पसरलेल्या. मी म्हणालो, "अप्पा, डेपोत सांगू. ड्युटी बदलून घ्या, येलदरीच्या बाजूला मागा कुठली तरी."

त्यांनी पोत्यानं काचा झाडल्या. "मी ही गाडी सोडली तर दत्ताकडं कोण जाईल?"

कारण ते जायला लागले होते. बुद्रुकला गाडी लागली की त्या अर्ध्या तासात. पहिल्या दिवशी मीही भीतीनं मागून गेलो. किसन दारात उभा होता. हातात काही नव्हतं, पण बाह्या वर सारलेल्या होत्या. शेजारपाजारची माणसं आपापल्या दारात येऊन थांबली.

अप्पांनी चपला काढल्या. "मारायचं असंल तर मार, किसन. पर लौकर. मला गाडी काढायची हाय."

किसन दार अडवून होता. तो किती वेळ तसा उभा राहिला असता कुणास ठाऊक. आतून आवाज आला, "दादा, येऊ दे त्यांला."

दवाखान्यात पाय कसे वाकवायचे, कसे सरळ करायचे ते शिकवलं होतं, पण किसनला शेतातून वेळ मिळायचा नाही आणि आई थकलेली. अप्पा खाटेच्या पायथ्याशी बसले. दत्ताचा घोटा हातात घेऊन त्यांनी गुडघा हळूहळू पोटाकडं नेला, परत आणला. परत नेला. त्या वाकड्या बोटांसकट ते हात इतके हलके चालतात हे मी पहिल्यांदाच बघत होतो.

दत्ता आढ्याकडं बघत होता. "अप्पा, धरलंय का?"

"धरलंय."

"कळत न्हाई मला."

अप्पांनी गुडघा परत एकदा पोटाकडं नेला. तो पाय झाला, दुसरा घेतला. निघताना म्हणाले, "उद्या येतो." आणि रोज गेले. बुद्रुकचे लोक त्यांना राम राम घालायला लागले. किसनची आई त्यांच्यासाठी चहा ठेवायला लागली. पण परत येताना पूल लागला की अप्पांचे खांदे ताठ व्हायचे. पुढं त्यांचं स्वतःचं गाव होतं.

घरात मल्लू बापाशी बोलत नव्हता. आक्का एकदा मला म्हणाली, "पोरगं जेवत न्हाई, ह्यांच्या गळ्याखाली घास उतरत न्हाई. मी दोघांची ताटं वाढते अन् दोन्ही परत उचलते."

वर्ष फिरलं. यंदा सामने नाहीत, असं दोन्ही गावच्या मोठ्या माणसांनी ठरवलं. पण पोरांच्या मोबाईलवर वेगळंच चाललं होतं. सामना नाही तर नाही, मैदानावर या, बघून घेऊ. यात्रेच्या आधी चार दिवस गाडीत पोरं दिसेनाशी झाली. कॉलेजला कुणी जाईना. पालमच्या दुकानात कुऱ्हाडीचे दांडे संपले, असं एक माणूस मला हसत सांगत होता, आणि मी हसलो नाही म्हणून तोही थांबला.

यात्रेच्या दिवशी अप्पांनी रजा टाकली. त्यांनी रजा टाकलेली मी कधी पाहिली नव्हती. माझ्याबरोबर दुसरा ड्रायव्हर होता. दुपारी आम्ही बुद्रुकहून परत निघालो आणि पुलावर अडकलो. दोन्ही टोकांना माणसं. खाली बघितलं.

मैदान सकाळीच पाणी मारून दाबलेलं होतं. ओलं, काळंभोर. त्यावर फक्कीनं आखलेल्या पांढऱ्या रेषा. आणि मध्यरेषेवर अप्पा उभे होते, चड्डी-बनियनवर, गळ्यात इष्टलिंग आणि शिट्टी. या काठावर बुद्रुकची पोरं, त्या काठावर खुर्दची, सगळ्यांच्या हातात काहीतरी. खुर्दच्या गर्दीत पुढंच शिवा होता, त्याच्याजवळ मल्लू, हातात काठी. देवळाजवळ पोलीस होते, पण थोडे होते.

अप्पांचा आवाज पुलावर ऐकू येत होता. "यायचं तर सात-सात जन या! काठ्या तिकडंच टाका! शिट्टी माझी हाय!"

कुणी हललं नाही. अप्पा एकदा इकडं वळले, एकदा तिकडं. "दम हाय का कुनात? न्हाई तर घरी जावा!"

बुद्रुकच्या बाजूला एक पोरगा काठी टाकून खाली वाकला, चप्पल काढायला लागला. मला वाटलं, जमलं. खरंच वाटलं. आणि तेवढ्यात खुर्दच्या बाजूनं दगड आला.

तो कानशिलावर लागला. अप्पा पडले नाहीत. हळूच खाली बसले, रेषेवरच, दमलेला माणूस बसतो तसे. मग आडवे झाले. दोन्ही काठ रिकामे व्हायला लागले. मल्लू तेवढा काठी टाकून उतरत आला. त्यानं बापाला दोन्ही हातांवर उचललं आणि चढ चढून थेट आमच्या गाडीत आणलं. त्याच्या मागं खुर्दचे दोघे जाणते चढले. गाडीत बुद्रुकची माणसं भरलेली होती. ड्रायव्हरनं हॉर्नवरचा हात काढलाच नाही.

मल्लू मधल्या वाटेत खाली बसला होता, बापाचं डोकं मांडीवर घेऊन. गाडी खुर्द ओलांडून पुढं लागल्यावर तो एकदम बोलला, कुणाकडंही न बघता. "शिवानं मारला. मी बघितलं."

जाणत्यांतला एक खाली वाकला. "मल्लू, गप. धुळीत कुनाला काय दिसतंय?"

"धूळ न्हवती," मल्लू म्हणाला. "अप्पांनी सकाळी पानी मारलं होतं."

 हेच त्यानं पालमच्या दवाखान्यात पोलिसांना सांगितलं, आणि परभणीला नेल्यावर परत एकदा सांगितलं, सही केली. अप्पा शुद्धीवर आले नाहीत. तीन-चार दिवसांनी गेले.

लिंगायत माणसाला बसवून नेतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. खुर्दमधल्या घरी आंघोळ घालून, कपाळाला विभूती लावून अप्पांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पाटावर बसवलं. समाधीची जागा ओढ्यापलीकडं, बुद्रुकच्या बाजूला. खुर्दच्या दोन्ही रांगांतली दारं बंद होती. शिवाला नेल्यापासून तिथं मल्लूच्या नावानं काय बोललं जात होतं ते मी ऐकलं होतं. एका माळवदावर चार-पाच पोरं हाताची घडी घालून उभी होती. ती आमच्याकडं बघत नव्हती. मल्लूकडं बघत होती. आम्ही डेपोतले काही लोक, आक्का, भावकीतली थोडी माणसं, एवढेच मागून चालत होतो.

पुलावर समोरून आमचीच गाडी आली. त्या पुलावर एसटी कुणासाठी मागं येत नाही, समोरच्यानं मागं जायचं असतं. ड्रायव्हरनं गाडी थांबवली, ट्रॉलीकडं बघितलं आणि गाडी हळूहळू उलटी बुद्रुकपर्यंत नेली. पलीकडच्या टोकाला सगळं गाव उभं होतं. किसननं दत्ताची खाट रस्त्याच्या कडेला आणून ठेवली होती.

अप्पा ताठ बसले होते, समोर तोंड करून. रस्ता खराब होता. मल्लू त्यांच्या मागं गुडघ्यांवर बसला होता, दोन्ही हात बापाच्या छातीभोवती घालून, आणि ट्रॉलीला धक्का बसला की तो त्यांना आणखी जवळ ओढून घेत होता.